फोनवरच्या मुलीस

मुली,

हे तुला वाचता येणार नाही. तुझ्या कंपनीला इंग्रजीत पत्र धाडलं, त्यात ‘थँक यू’ चारदा आलं आणि तरी सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून मराठीत लिहितो. इंग्रजीत तुला ‘यू’ म्हणालो, इथे ‘तू’ म्हणतो. आवाजावरून माझ्या धाकटीच्या वयाची वाटलीस.

गोष्ट तशी 50 पौंडांची. आमच्या लंडनमधल्या हॅरोच्या घराचा विमा हिच्या नावावर होता. बिलं, कागदपत्रं सगळं हीच बघायची. फेब्रुवारीत ही गेली. मी माझ्या नावाने दुसरीकडे विमा काढला आणि जुना आपसूक संपेल असं धरून चाललो. तो संपला नाही, आपसूक पुन्हा सुरू झाला. रिन्यूअलची सूचना गेली हिच्या ईमेलवर. तो उघडणार कोण? जॉइंट खात्यातून 34 पौंडांचा हप्ता वळता झालेला दिसला तेव्हा कळलं, आणि तोवर रद्द करायची 14 दिवसांची मुदत उलटून गेली होती. आता रद्द करायचा तर फी 50 पौंड, झाल्या दिवसांचे पैसे वेगळे. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

तुझ्याआधी तिघांशी बोललो. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं: बायको वारली, कधी वारली, दाखल्यावरचं स्पेलिंग काय. तिघेही ‘सॉरी फॉर युअर लॉस’ म्हणाले. पुढच्याच श्वासात एकाने विचारलं, “पॉलिसी ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशी बोलता येईल का?” मी म्हटलं, “मलाही बोलायचंय हो.” त्याला ते कळलं नाही. दुसऱ्याने अटी वाचून दाखवल्या. तिसरीने फोन दुसरीकडे जोडते म्हणून तोडला.

मुलगा चिडला होता. म्हणाला, बाबा, 2022 पासून इथे नियम आहे, आपोआप होणारं रिन्यूअल थांबवणं गिऱ्हाइकाला सोपं हवं. रीतसर तक्रार करा, आठ आठवड्यांत सुटली नाही तर ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जा, तिथे पैसे पडत नाहीत. बरोबरच आहे त्याचं. पण तिथेही पहिल्यापासून लिहायचंच ना? 50 पौंड गेले तरी चालतील, पण पुन्हा सांगणं नको, इथवर मी आलो होतो.

चौथा फोन तू उचललास. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, “माझी बायको...” आणि तू मधेच म्हणालीस, “थांबा. मी आधीच्या सगळ्या नोंदी वाचल्यात. तुम्हाला ते परत सांगायची गरज नाही.”

बस्, एवढंच.

मी किती वेळ गप्प होतो ठाऊक नाही. तूही गप्प होतीस. त्या शांततेत तू ‘हॅलो, हॅलो’ केलं नाहीस, म्युझिकही लावलं नाहीस. मग फक्त नवा विमा कधीपासूनचा आहे ते विचारलंस. फी माफ झाली, हप्ता परत आला. ते कसं केलंस ते मला कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

नोंदी त्या तिघांच्याही समोर होत्याच की! वाचायला दोन मिनिटं लागली असतील. मी चाळीस वर्षं इथे नोकरी केली, काउंटरवर बसलो, घड्याळ बघत लोकांना वाटेला लावलं. त्या तिघांवर रागावताना तेही आठवतं. माणसाशी नीट वागायला फार काही लागत नाही, पण ते दोन मिनिटांचं कुणी मनावर घेत नाही.

परवा तुमचं पत्र आलं. याआधीची सगळी हिच्या नावाने यायची, ‘आमच्यासोबत राहिल्याबद्दल धन्यवाद’ म्हणत. हे पहिलंच माझ्या नावाने. हिची एक निळी फाइल आहे, वर हिच्या अक्षरात ‘घर’ लिहिलेलं. त्यात सगळ्यात वर लावून ठेवलंय.