मित्रास पत्र : स्पर्धेचे नियम ठरवण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या सांस्कृतिक मंडळाने येत्या वर्षापासून आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेण्याचे ठरवले असून तिची जबाबदारी तुझ्याकडे आली आहे, हे वाचून मनापासून आनंद झाला. सभागृह, बक्षिसांच्या रकमा, उद्घाटनाचे पाहुणे, प्रायोजक या सगळ्यांविषयी तू सविस्तर विचारले आहेस. संहितेविषयी मात्र तुझ्या पत्रात एकच वाक्य आहे, आणि तेही ती किती दिवस आधी मागवावी एवढ्यापुरतेच. मंडळाच्या साहित्यिक कार्यक्रमांचा उल्लेख तर शेवटी, ‘ते नेहमीप्रमाणे चालूच राहतील’ असा ओझरता आला आहे. मला वाटते, तुमच्या स्पर्धेचे भवितव्य याच दोन जागी ठरणार आहे. म्हणून सभागृहाच्या भाड्याची चर्चा पुढच्या पत्रासाठी ठेवतो आणि आज याविषयीच लिहितो.

पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकाचे उदाहरण सर्वांत आधी घ्यायला हवे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने आपले कार्यकर्ते पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब वझे यांच्या स्मरणार्थ 1963 साली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. पावसाळ्याच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात प्राथमिक फेरी होते, तिच्यातून निवडलेले संघ अंतिम फेरीत जातात, आणि प्रयोगांचा क्रम ठरवणाऱ्या ‘लॉट्स’च्या दिवसापासूनच महाविद्यालयांच्या आवारात वातावरण तापू लागते. ‘आव्वाज कुणाचा!’ ही आरोळी ज्याने त्या सभागृहात ऐकली असेल त्याला मी अधिक काय सांगावे? परंतु या जल्लोषाच्या मागे एक अतिशय शिस्तीचा विचार उभा आहे. ही स्पर्धा लेखन, अभिनय आणि दिग्दर्शन यांच्यावर भर देते. नेपथ्य, प्रकाशयोजना आणि पार्श्वसंगीत यांच्या झगमगाटाला तिथे वेगळे बक्षीस नाही. ज्या महाविद्यालयाकडे पैसा आहे आणि ज्याच्याकडे नाही, त्या दोघांना या एका धोरणाने जवळजवळ समान पातळीवर आणून ठेवले. चार लेव्हल्स (रंगमंचावर मांडायचे चौथरे), दोन खुर्च्या आणि पाठ असलेले शब्द एवढ्या सामग्रीवर एखादा संघ तिथे अंतिम फेरी गाठू शकतो, आणि तो पोहोचला तर त्याच्या लिखाणात काहीतरी होते असे खात्रीने म्हणता येते.

याउलट पुण्यातलाच फिरोदिया करंडक बघ. तिथे नाट्याच्या जोडीला गायन, वादन, नृत्य, चित्र, शिल्प अशा अनेक कला एकाच प्रयोगात गुंफायच्या असतात, आणि त्यासाठी साठ-सत्तर मुले महिनोन्महिने एकत्र राबतात. त्या स्पर्धेचा आनंद वेगळा आहे आणि मी तिला मुळीच कमी लेखत नाही. मुद्दा इतकाच की या दोन्ही स्पर्धांना आपल्याला काय पारखायचे आहे हे नेमके ठाऊक आहे. तुमच्या प्राथमिक मसुद्यात मात्र सर्वोत्कृष्ट वेशभूषेपासून सर्वोत्कृष्ट रंगभूषेपर्यंत इतकी पारितोषिके आहेत की परीक्षकाची दृष्टी प्रयोगावर राहण्याऐवजी तक्त्यावर राहील. नव्याने सुरू होणाऱ्या आणि मर्यादित निधी असलेल्या संस्थेने पुरुषोत्तमचा मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्व संघांना एकच ठरावीक प्रकाशव्यवस्था द्या, नेपथ्य मांडण्या-काढण्याचा वेळ घड्याळ लावून मोजा आणि गुणांचा मोठा वाटा संहितेला द्या. खर्च कमी होईल हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा असा की तुमच्या तालुक्यातल्या लहान महाविद्यालयाला शहरातल्या संघासमोर उभे राहताना संकोच वाटणार नाही.

आता संहितेकडे वळतो, कारण खरी दुखरी नस तिथे आहे. गेली अनेक वर्षे निरनिराळ्या गावांतल्या स्पर्धा मी प्रेक्षक म्हणून पाहतो आहे, काही ठिकाणी परीक्षक म्हणूनही बसलो आहे, आणि ‘स्पर्धेची एकांकिका’ नावाचा एक साचाच तयार झालेला मला दिसतो. वर्तमानपत्रातला एखादा ज्वलंत विषय घ्यायचा, पहिली दहा मिनिटे हशे मिळवायचे, मध्यभागी एक गुपित फोडायचे, आणि शेवटी कोणातरी एकाने प्रेक्षकांकडे तोंड करून मोठ्या आवाजात जाब विचारायचा. अशा एकांकिकेला टाळ्या मिळतात, पुष्कळदा क्रमांकही मिळतो. परंतु तिच्यातली माणसे कोठे राहतात, काय खातात, एकमेकांशी घरात कोणत्या भाषेत बोलतात, याचा पत्ता लागत नाही. मुलांना दोष देऊन उपयोग नाही. जे बक्षीसपात्र ठरताना त्यांनी पाहिले तेच ती लिहितात. हा साचा मोडायचा असेल तर परीक्षकांनी आणि आयोजकांनी तो बक्षिसाच्या वेळीच मोडला पाहिजे.

या संदर्भात 2022 सालचा पुरुषोत्तमचा निकाल मला महत्त्वाचा वाटतो. त्या वर्षी परीक्षकांनी कोणतीही एकांकिका करंडकाला पात्र नसल्याचा निर्णय दिला आणि करंडक कोणालाच देण्यात आला नाही. त्यावर बरेच वादळ उठले. महिनाभर रात्री जागून तालमी केलेल्या मुलांना हा निर्णय किती लागला असेल, हे मी समजू शकतो. तरीही करंडकाला स्वतःची अशी एक उंची असते आणि उपलब्ध प्रयोगांतला बरा प्रयोग एवढ्यावर ती गाठली जात नाही, हे एखाद्या संस्थेने उघडपणे मान्य करणे मला मोलाचे वाटते. मात्र असा निर्णय घेणाऱ्या परीक्षकांवर एक ऋणही येते. प्रत्येक संघाला समोर बसवून काय उणे होते ते नीट सांगण्याचे ते ऋण आहे. तुमच्या नियमावलीत ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ हे वाक्य येणारच. त्याच्या लगेच खाली ‘प्रत्येक संघाशी परीक्षकांची चर्चा होईल’ हे वाक्य मला हवे आहे, आणि त्या चर्चेसाठी वेळापत्रकात वेगळा अर्धा दिवस राखलेला हवा आहे. बक्षीस समारंभ लांबला म्हणून ही चर्चा गुंडाळलेली मी फार वेळा पाहिली आहे. ज्या लेखिकेला केवळ ‘प्रयत्न चांगला’ एवढे ऐकून घरी परतावे लागते, तिने दुसरी एकांकिका का लिहावी?

लेखक आणि दिग्दर्शक विद्यार्थीच असावेत, असा नियम निःसंकोच करा. व्यावसायिक लेखकाकडून संहिता आणि बाहेरच्या दिग्दर्शकाकडून बसवून घेतलेला प्रयोग देखणा होतो यात शंका नाही, पण त्यात विद्यार्थी केवळ नट म्हणून उरतो. नाटककार सतीश आळेकरांनी विद्यार्थीदशेत, 1969 साली, आपली पहिली एकांकिका लिहिली आणि बसवलीही स्वतःच. त्या वयात लिहिण्याची आणि बसवण्याची दोन्ही कामे एकाच हाताला करायला मिळणे ही केवढी संधी आहे! ती बाहेरच्या माणसाला देऊन टाकणे म्हणजे स्पर्धेचा निम्मा हेतू सोडून देणे होय. पूर्वप्रकाशित कथेवरून रूपांतर केले असेल तर मूळ लेखकाची लेखी परवानगी, आणि प्रत्येक संहितेसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे, म्हणजे प्रयोगापूर्वी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचे, प्रमाणपत्र या बाबी प्रवेश अर्जातच स्पष्ट लिहा. त्या प्रमाणपत्रासाठी संहिता बरीच आधी पाठवावी लागते हे नवख्या संघांना माहीत नसते, आणि मग प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात धावपळ होते. तुमच्या मंडळाने याबाबत एक कार्यकर्ता मदतीला नेमला तर फार बरे होईल.

आता साहित्यिक कार्यक्रमांविषयी. तुमच्या मंडळाची व्याख्यानमाला जुनी आहे, कथाकथन आणि कविसंमेलनही दरवर्षी होते, परंतु त्यांचा नाटकवाल्या मुलांशी काहीही संबंध राहिलेला नाही. श्रोत्यांमध्ये निवृत्त मंडळी आणि एकांकिकेला तरुण मंडळी, अशी जी फाळणी झाली आहे ती केवळ वयाची नाही, वाचनाचीही आहे. आपल्याकडे ही परंपरा मुळात किती सलग होती ते आठवून बघ. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने 1875 च्या सुमारास सुरू झाली, 1878 साली त्यांच्याच पुढाकाराने ग्रंथकारांचे संमेलन भरले, 1906 साली महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली. आणि ज्या काळात मराठी माणूस व्याख्याने ऐकत होता त्याच काळात तो संगीत नाटकालाही रात्र रात्र बसत होता. ऐकणारा, वाचणारा आणि नाटक पाहणारा प्रेक्षक तेव्हा एकच होता. विद्यार्थ्याला हे तिन्ही एकत्र मिळाले तर त्याच्या संवादांत आपोआप वजन येते, कारण त्याच्या कानांवर चांगली मराठी पडलेली असते.

म्हणून माझी सूचना अशी आहे की वर्षाचे कार्यक्रम स्पर्धेभोवती गुंफावेत. जून-जुलैमध्ये, महाविद्यालये सुरू होताच, नाट्यलेखनाचे शिबिर घ्या. त्यात भाषणे कमी आणि लिहिणे अधिक असू द्या. कथाकथनासाठी येणाऱ्या लेखकाला आदल्या दिवशी मुलांबरोबर बसण्याची विनंती करा, कारण एखादी कथा कोठे सुरू करावी आणि काय सांगायचे टाळावे हे कथाकारासारखे दुसरे कोणी शिकवू शकत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात अनेक महाविद्यालयांचे नाट्यसंघ आधीच पुण्या-मुंबईच्या स्पर्धांत गुंतलेले असतात, तेव्हा तुमच्या फेऱ्या दिवाळीनंतर ठेवाव्यात हे बरे. 5 नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन विष्णुदास भाव्यांच्या 1843 सालच्या सांगलीतल्या प्रयोगाची आठवण देतो. त्या दिवशी हार घालून भाषण करण्याऐवजी दाखल झालेल्या संहितांपैकी दोन-तीन संहितांचे अभिवाचन ठेवा. प्रकाश, रंगभूषा, हालचाल यांचा कोणताही आधार नसताना केवळ वाचून एकांकिका उभी राहते का, हे तिथे लेखकालाच कळते, आणि तालमीच्या आधी दुरुस्तीला वेळही मिळतो.

पुढे जानेवारीत तुमच्या विजेत्या संघाला बाहेरची वाट खुली असेल. मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला सुरू होते आणि रात्रभर चालते. तिथे इतर स्पर्धांत प्रथम आलेल्या एकांकिकाच एकमेकींसमोर येतात. पहाटेपर्यंत खुर्ची न सोडणारा प्रेक्षक ज्यांनी अनुभवला, त्या मुलांचे नाटकाशी असलेले नाते पुढे नोकरी-धंद्याच्या धबडग्यातही सहसा तुटत नाही. तिथे प्रवेश मिळण्यासाठी कोणत्या स्पर्धा ग्राह्य धरल्या जातात, याची चौकशी मात्र तुम्ही आधीच करून ठेवा.

एक गोष्ट मला विशेष कळकळीने सांगायची आहे. महाराष्ट्रात दरवर्षी शेकडो नव्या एकांकिका लिहिल्या जातात आणि त्यांतल्या बहुतेक शेवटच्या प्रयोगानंतर नाहीशा होतात. संहितेची एक प्रत दिग्दर्शकाच्या पिशवीत, एक प्रकाशयोजना करणाऱ्याकडे, तिसरीची पाने सुटलेली. दोन वर्षांनी मूळ लेखकाकडेही ती सापडत नाही. नाटक छापण्यास प्रकाशक सहजी तयार होत नाहीत हे खरे, पण मंडळाकडे स्वतःचे ग्रंथालय आहे! दाखल झालेल्या प्रत्येक संहितेची एक बांधलेली प्रत, वर त्या प्रयोगातील सर्वांची नावे आणि सोबत परीक्षकांचे लेखी अभिप्राय, एवढे जरी तुम्ही दरवर्षी जपलेत तरी दहा वर्षांत तुमच्याकडे जे साठेल ते अभ्यासकालाही लागेल आणि नव्या संघालाही. पुढच्या पिढीतल्या मुलाला आपल्याच गावच्या मुलाने वीस वर्षांपूर्वी काय लिहिले होते हे हातात घेऊन वाचता यावे, यासाठी एका कपाटाची आणि चिकाटीच्या एका ग्रंथपालाची गरज आहे. संहिता जपण्यासाठी आणि ग्रंथालयात वाचू देण्यासाठी लेखकाची संमती प्रवेश अर्जावरच घ्यावी; प्रयोगाचे हक्क मात्र सर्वस्वी त्याच्याकडेच राहावेत.

परीक्षकांविषयी तू नावे सुचवायला सांगितली आहेस. तिघांपैकी एक जण नाटककार किंवा कथाकार असलाच पाहिजे, एवढे सूत्र मान्य झाले की मी नावे कळवतो. केवळ मालिकांतला चेहरा म्हणून कोणाला बोलावू नका. अशा पाहुण्याला बक्षीस समारंभाला आणा, पण परीक्षकाच्या टेबलावर बसवू नका. मानधन आणि प्रवासखर्च आधी ठरवून लेखी कळवावा.

नियमावलीचा मसुदा छापायला देण्यापूर्वी मला पाठव. मी ओळीओळीवर माझे म्हणणे लिहून आठवड्याच्या आत परत करीन. कार्यकारिणीची बैठक एखाद्या रविवारी ठेवलीस तर मी स्वतः येऊ शकेन, आणि वेशभूषेच्या पारितोषिकाचा आग्रह धरणाऱ्या सभासदांशी समोरासमोर बोलेन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना मित्र