सूचना : गच्चीवरचे जुने सिमेंटचे पत्रे

सर्व सभासदांना,

पावसाळ्याआधी बी विंगच्या गच्चीवरचे करडे, नालीदार सिमेंटचे पत्रे काढायचे आहेत. त्यांच्या सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज आहे. धड असलेला पत्रा सहसा त्रास देत नाही. पण कापला, भोक पाडलं, फोडला की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात आणि फुप्फुसात रुतून बसतात. त्यातून होणारा कॅन्सर बऱ्याचदा 20 ते 40 वर्षांनी समोर येतो. त्यामुळे ‘आम्हाला इतकी वर्षं काही झालं नाही’ हे कृपया नको.

पत्रे ओले करून अख्खेच उतरवले जातील. तेव्हा खिडक्या बंद ठेवा, वाळवणं गच्चीवर घालू नका. पडलेले तुकडे झाडूने झाडू नका, कुंड्यांखाली ठेवायला तर मुळीच नेऊ नका. (मागच्या वेळी चार तुकडे गेले होते!)

— सचिव