डनॉलीच्या रानातल्या आजोबांना

आजोबा,

तुम्ही मला नावानेच हाक मारायला सांगितलंत. इथली रीतच तशी. समोर असताना मारतेही, पण कागदावर हात धजत नाही. हे पत्र मराठीत लिहितेय, कारण त्या सकाळबद्दल इंग्रजीत लिहायला बसले की 'थँक यू'च्या पुढे गाडी जात नाही. भेटू तेव्हा वाचून दाखवेन आणि अर्थ सांगेन.

बाबांनी सांगलीच्या सराफ कट्ट्यावर 44 वर्षं सोनारकाम केलं. बिस्किटाचं सोनं, मोडीचं सोनं, तार, पत्रा, सगळं त्यांच्या हातून गेलं. जमिनीतून निघालेलं सोनं मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मेलबर्नला माझ्याकडे आल्यावर त्यांनी तेवढी एकच इच्छा बोलून दाखवली. सोनं शोधण्याचा परवाना, 'मायनर्स राइट', काढला तेव्हा त्यावरची दहा वर्षांची मुदत वाचून 71 वर्षांचा हा माणूस दिवसभर खुशीत होता.

त्यानंतर जे झालं ते तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. मेटल डिटेक्टर घेताना बाबांनी दुकानात स्वच्छ विचारलं होतं की हे यंत्र लोहाच्या लाल मातीत चालेल ना? हो म्हणाले. ते होतं समुद्रकिनाऱ्यावर नाणी शोधायचं यंत्र. तुमच्या भागातल्या मातीत ते पावलागणिक कोकलायचं. परत घेऊन गेलो, तर विक्रेता बाबांकडे न बघता मला म्हणाला, "यंत्र ठीक आहे, तुमच्या वडिलांना ऐकू येत नाही." बाबांचा डावा कान हातोडीच्या ठोक्यांनी अधू झालाय, हे खरं. पण ते तिथेच उभे होते आणि त्यांना ते वाक्य नीट ऐकू आलं. पुढे पैसे घेऊन एक दिवस शिकवणारा भेटला. तो सबंध दिवस वीस पावलं पुढे चालत राहिला. त्या संध्याकाळी बाबांनी यंत्र गॅरेजमध्ये ठेवलं आणि चार महिने सोन्याचा विषय काढला नाही.

जूनमध्ये डनॉलीजवळच्या मोलियागुलला आलो ते फक्त 'वेलकम स्ट्रेंजर' या सोन्याच्या प्रचंड गोळ्याचं स्मारक बघायला. तिथे तुम्ही भेटलात. 1869 साली तो गोळा जेमतेम इंचभर मातीखाली सापडला, डनॉलीच्या बँकेच्या तराजूत मावेना म्हणून ऐरणीवर फोडला, आणि त्यातून 72 किलो सोनं निघालं, हे तुम्ही बाबांना सांगितलंत. तेही त्यांच्या उजव्या कानाशी, सावकाश. बाबांनी "ऐरणीवर?" असं दोनदा विचारलं. चार महिन्यांनी त्यांचा तो आवाज मी ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला तुमच्या जागेवर नेलंत. सोनं शोधणारा माणूस आपली जागा सख्ख्या भावाला सांगत नाही, एवढं मला तोवर कळलं होतं. तरीही माझ्या मनात रुतून बसलंय ते वेगळंच.

आयर्नबार्कच्या काळ्या खोडांवर नुकतं ऊन आलं होतं, गवतावर हिमाचा पांढरा थर होता. तुम्ही तुमचं जादा यंत्र बाबांच्या हातात दिलंत. दोन यंत्रं जवळ चालली की एकमेकांच्या आवाजात ढवळाढवळ करतात. मला वाटलं, तुम्ही आता लांब जाल. तुम्ही तुमचं यंत्र बंद केलंत, झाडाला टेकवून ठेवलंत आणि बाबांच्या उजव्या हाताला येऊन उभे राहिलात. सोन्याच्या रानात, ओलसर मातीची इतकी चांगली सकाळ, आणि तुम्ही ती दुपारपर्यंत बाबांना देऊन टाकलीत. एकदाही घड्याळ पाहिलं नाहीत. बाबांच्या हातून कुदळसुद्धा घेतली नाहीत.

पहिल्यांदा खिळा निघाला, मग बंदुकीचे छर्रे. दर वेळी तुम्ही "पुन्हा" एवढंच म्हणायचात. अकराच्या सुमाराला बाबा थबकले. माती अर्धी अर्धी करत, यंत्राच्या खालच्या चकतीवरून, कॉइलवरून, फिरवत शेवटी चिमूटभर उरली, आणि त्यात तो पिवळा कण होता. बाबांनी तो तळहातावर घेऊन किंचित झुलवला. "तीन गुंजा," म्हणाले. तुमच्या काट्यावर 0.37 ग्रॅम भरला. गुंज म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही टोपी काढलीत. बाबांनी रंग पाहिला आणि कस फार चांगला आहे म्हणाले. मग ते खाली बसले आणि रडले. तुम्ही पाठ फिरवून खड्डा बुजवू लागलात, त्यावर पाला पसरलात, बराच वेळ पसरत राहिलात.

1855 साली इथल्याच व्हिक्टोरिया वसाहतीच्या सरकारने बोटीने उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर 10 पौंडांचा कर बसवला होता. तो चुकवायला हजारो जण साउथ ऑस्ट्रेलियातल्या रोबला उतरून शेकडो किलोमीटर पायी या रानात आले. परक्या माणसाला इथे काय काय सोसावं लागलं, ते मी वाचलंय. त्याच मातीत माझ्या परक्या, कानाने अधू बापाशेजारी कुणी सबंध सकाळ उभं राहिलं, हेही मला लिहून ठेवायचंय. आमच्याकडे सोनाराच्या दुकानातली धूळ धुऊन त्यातलं सोनं काढणाऱ्याला झारेकरी म्हणतात. बाबा आता सगळ्यांना सांगतात, "मी म्हातारपणी झारेकरी झालो, आणि मला गुरू मिळाला."

तो कण मुशीत घालायचा नाही, असं त्यांनी ठरवलंय. त्यांच्या जुन्या कसोटीच्या डबीत कापसावर ठेवलाय.

तुमचं मातीचं लहान फावडं आमच्या गाडीत राहिलंय. बाबांनी ते धुऊन, तेल लावून ठेवलंय. शनिवारी आठाला स्मारकापाशी येतो. डबा मी आणतेय, तुम्ही काही आणू नका.

तुमची,
झारेकऱ्याची लेक