बायकांचं काळं पाणी

होबार्ट

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "बायकांनाही काळं पाणी व्हायचं?" व्हायचं. आपल्याकडे हा शब्द निघाला की अंदमानच डोळ्यांपुढे येतं, पण इंग्रजांनी त्यांच्या स्वतःच्या देशातल्या माणसांनाही असंच समुद्रापार धाडलं. 1788 ते 1868 या काळात ऑस्ट्रेलियात सुमारे 1,62,000 कैदी आले, त्यात बायका साधारण 25,000. त्यातल्या जवळपास निम्म्या आमच्या या टास्मानिया बेटावर उतरल्या. बहुतेकींचा गुन्हा चोरीचा, आणि शिक्षा 7 वर्षं, 14 वर्षं नाहीतर जन्मठेप. 7 वर्षं भरली तरी परतीचं भाडं सरकार देत नसे, त्यामुळे बहुतेकींना घर पुन्हा दिसलं नाही.

तुला गोधड्यांची आवड, म्हणून 'राजा' जहाजाचं आधी सांगते. नाव खरंच राजा! एप्रिल 1841 मध्ये ते इंग्लंडहून सुमारे 180 बायकांना घेऊन निघालं आणि 19 जुलैला होबार्टला लागलं. तुरुंगातल्या बायकांसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्रायच्या महिला मंडळाने शिवणाचं सामान दिलं होतं: 100 सुया, अंगुस्तान, कात्री, रंगीत दोरे आणि 2 पौंड, म्हणजे किलोला थोड्या कमी, चिंध्या. त्यातून 2,815 तुकड्यांची गोधडी झाली, सव्वातीन मीटरहून थोडी मोठी. मधोमध पांढऱ्या कापडावर छिटातले पक्षी आणि फुलं कापून लावलेली, भोवती पट्ट्यांमागून पट्ट्या. काही टाके अगदी सफाईदार, काही वेडेवाकडे, आणि बोटांना सुया टोचून पडलेले रक्ताचे बारीक डाग अजून दिसतात. आता ती कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे.

उतरल्यावर पहिलं काम नोंदवहीचं. उंची, रंग, डोळे, चेहऱ्यावरचे व्रण, गोंदण, गाव, येत असलेलं काम, सगळं टिपून घ्यायचे. पळाली तर ओळख पटावी म्हणून. बाबा, या नोंदी घरबसल्या फुकट वाचता येतात. पुढे त्याच पानावर शिक्षांची भर पडत जाते: न विचारता बाहेर राहिली, मालकिणीला उलटून बोलली, दारू प्यायली.

कारण शिक्षा म्हणजे मुख्यतः घरकाम. वसाहतीत मोलकरणी हव्या होत्या, म्हणून बाईला एखाद्या कुटुंबाकडे लावून द्यायचे. तिथे बिनसलं की इथल्याच, होबार्टमधल्या कॅस्केड्सच्या 'फीमेल फॅक्टरी'त रवानगी. 1828 मध्ये दारूच्या जुन्या भट्टीच्या जागेवर हा तुरुंग सुरू झाला. आत तीन वर्ग. सगळ्यात खालच्या 'क्राइम क्लास'मधलीच्या जाकिटाच्या पाठीवर, उजव्या बाहीवर आणि परकराच्या मागे मोठा पिवळा 'सी' शिवलेला असे. तिच्या वाट्याला धुण्याच्या टपावर दिवसभर उभं राहणं, तेही होबार्टच्या थंडीत. शिवाय डांबर लागलेले जुने दोरखंड बोटांनी उसवून पिंजायचे, ते तंतू जहाजाच्या फळ्यांच्या फटींत ठोकून भरत. फार आडमुठेपणा केला तर एकांत कोठडी आणि नुसता पाव-पाणी.

सगळ्यात वाईट हाल बाळंतिणींचे. कामावर असताना दिवस गेले की मालक तिला परत पाठवी. बाळंतपण फॅक्टरीत. काही महिन्यांत बाळाचं अंगावरचं तोडायला लावत, आणि मग आईला सहा महिने क्राइम क्लासमध्ये घालत. मोलकरीण कामातून गेली, हाच गुन्हा. बाप बहुतेक वेळा मोकळाच राही. मूल जगलं तर दोन-तीन वर्षांचं झाल्यावर न्यू टाउनच्या अनाथाश्रमात जाई, आई जिवंत असली तरी. पण पुष्कळ जगतच नसत. जागा डोंगराच्या सावलीत आणि ओढ्याकाठी, भिंती ओलसर, खोल्यांत दाटी, आणि दूध अवेळी तोडल्यामुळे पोटं बिघडत. 1838 मध्ये एका बाळाच्या मृत्यूची चौकशी झाली, बोभाटा झाला आणि पाळणाघर शहरात लिव्हरपूल स्ट्रीटवर हलवलं. मला हे सगळं नुसतं हलगर्जीपणाचं वाटत नाही. आईला शिक्षा व्हावी म्हणून बाळाचं दूध तोडायची वेळ ठरवणं हे समजून उमजूनच चाललेलं होतं.

नीट वागलेल्या बाईला 'तिकीट ऑफ लीव्ह' मिळे. मग ती स्वतःचं काम स्वतः शोधू शके, पण बेट सोडता येत नसे. लग्नालाही सरकारची परवानगी लागे. 1853 मध्ये इथे कैदी आणणं थांबलं.

तुम्ही जूनमध्ये याल तेव्हा आपण कॅस्केड्सला जाऊ. आतल्या इमारती फारशा उरलेल्या नाहीत, उंच दगडी भिंती आणि मोकळी आवारं आहेत. हिवाळ्यात तिथे ऊन जेमतेम येतं. बाबा, कानटोपी आणा, आणि आई, जाड मोजे विसरू नकोस.

तुमची
लेक