पक्या, डोंगरावर जाऊन आलो

पक्या लेका,

तुझे मेसेज बघून न बघितल्यासारखे केले, सॉरी. पण हे व्हॉइस नोटमध्ये मावणारं नव्हतं, म्हणून बसून टाइप करतोय. गेल्या शनिवारी बॅथर्स्टला जाऊन आलो. सिडनीपासून दोनेकशे किलोमीटर, ब्लू माउंटन्स ओलांडून पलीकडे. तू शाळेत वहीच्या मागच्या पानावर ज्या मोठ्या इंजिनाच्या मसल कार काढायचास ना, त्यांचं पंढरपूर.

माउंट पॅनोरमा म्हणजे सव्वासहा किलोमीटरचा रेस ट्रॅक, पण एरवी तो साधा सरकारी रस्ता! लोकांची घरं आहेत, समोरून गाड्या येतात आणि लिमिट ६०. मी आपली हॅचबॅक घेऊन चढलो, पावणेदोनशे मीटरचा चढ, वर दोन्ही बाजूंना सिमेंटच्या भिंती आणि मग एकदम खाली असा उतार की पन्हाळ्याचा घाट बरा म्हणशील. शेवटी लांबलचक कॉनरॉड स्ट्रेट. एका रेसमध्ये तिथं कुणाच्या तरी इंजिनातला कनेक्टिंग रॉड तुटला, त्यावरून हे नाव. उद्यमनगरात असं नाव द्यायचं म्हटलं तर एक गल्ली शिल्लक राहणार नाही.

आता मुद्द्याचं. अमेरिकन मसल कार म्हटलं की दोन दरवाज्यांची शायनिंगवाली गाडी, पण इथली खरी गंमत चार दरवाज्यांत आहे. साठ-सत्तरच्या दशकात बॅथर्स्टच्या दरवर्षीच्या ५०० मैलांच्या रेसमध्ये शोरूममध्ये मिळते तीच गाडी पळवायची असा नियम होता, म्हणजे रेस जिंकायची तर कंपनीला तसली गाडी बनवून गिऱ्हाइकाला विकावीच लागायची. १९६७ ला फोर्डने फॅमिलीवाल्या फाल्कनमध्ये ४.७ लिटरचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन बसवून जीटी काढली आणि त्याच वर्षी रेस मारली. होल्डन, म्हणजे इथली दुसरी मोठी कंपनी, तिने पुढच्या वर्षी मोनारो आणून उत्तर दिलं. मग काय, दरवर्षी याचं इंजिन मोठं की त्याचं. आणि ती भांडणं घराघरात, फोर्डवाला बाप होल्डनवाल्या जावयाला धड चहा विचारायचा नाही म्हणतात.

त्यातली महाराणी म्हणजे १९७१ ची फाल्कन जीटी-एचओ फेज थ्री. ५.८ लिटर, म्हणजे तुमच्या पद्मिनीची पाच इंजिनं एकत्र! कागदावर ३०० हॉर्सपॉवर, पण खरी त्याहून बरीच जास्त होती हे सगळ्यांना ठाऊक, कागद बहुतेक इन्शुरन्सवाल्यांसाठी. पेट्रोलची टाकी १६४ लिटरची, पिटमध्ये कमी थांबायला. ताशी २२५ च्या वर जायची आणि मागच्या सीटवर पोरं बसवून किराणा आणता यायचा. अशा फक्त ३०० बनवल्या. त्या वर्षी ॲलन मॉफॅट एकट्याने ५०० मैल चालवून जिंकला, मधेच एक बिअरचं खोकं उडून ग्रिलला चिकटलं तर पठ्ठ्याने टेंपरेचर काटा बघितला, ठीक होता, तसाच पळवत राहिला.

आणि हे ऐक, आपला जेफ थॉमसन, तोच तो, बापाच्या पिढीची झोप उडवणारा फास्ट बॉलर, त्याच्याकडे फेज थ्री होती. नवी असताना पाच हजार डॉलरच्या आसपास मिळणारी गाडी, त्याची ती २०१८ ला लिलावात दहा लाख तीस हजाराला गेली. त्याने मात्र कधीच विकून टाकली होती. बिचारा.

पण तुला आवडेल ती क्रायस्लरची चार्जर ई-४९. व्ही-८ नाही, सरळ सहा सिलिंडर, ४.३ लिटर, त्यावर तीन ट्विन-चोक वेबर कार्बोरेटर, ३०२ हॉर्सपॉवर. तिन्ही कार्बोरेटर एका सुरात आणायचे म्हणजे तुझ्यासारख्याचा एक रविवार सुखात गेलाच.

१९७२ च्या रेसमध्ये पीटर ब्रॉकने होल्डनच्या छोट्याशा सहा सिलिंडरच्या तोरानात बसून भर पावसात मोठ्या फाल्कन मागे टाकल्या, पण तोवर खेळ संपत आला होता. त्याच वर्षी, रेसच्या आधी जूनमध्ये, एका रविवारच्या पेपरात बातमी आली की ताशी १६० मैल पळणाऱ्या सुपरकार येताहेत, आणि त्या कुणीही पोरगा विकत घेऊ शकेल. राज्याचा वाहतूक मंत्री भडकला, सरकारी खरेदी बंद करायची धमकी, आणि काही दिवसांतच फोर्ड, होल्डन, क्रायस्लर तिघांनीही माघार घेतली. फाल्कनची पुढची फेज फोर तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच तयार झाल्या. मला विचारशील तर मंत्र्याचं पूर्ण चुकलं नव्हतं, त्या काळचे ब्रेक आणि टायर बघितलेत मी. तरी वाईट वाटतंच यार.

आता तर फोर्डचा कारखाना २०१६ ला बंद, होल्डनचा २०१७ ला. तिथल्या रेसिंग म्युझियमच्या पार्किंगमध्ये सत्तरीचा एक म्हातारा जुन्या मोनारोचं बॉनेट पुसत होता. मी जरा रेंगाळलो तर म्हणाला, बस आत. किल्ली फिरवली आणि माझ्या बरगड्या हलल्या रे. आधी घरघर, मग धडधड, मग पायाखालची सगळी फ्लोअर थरथरायला लागली, आणि म्हातारा काही न बोलता नुसता हसत माझ्याकडे बघत होता.

आवाज रेकॉर्ड केलाय, खाली जोडतो. इअरफोन लावूनच ऐक. आणि पद्मिनीच्या कार्बोरेटरचं कुठवर आलं ते कळव, दिवाळीत येतोय तर मला त्यातनंच जोतिबाला जायचंय.

तुझाच,
बंड्या