लॅपटॉप भंगारात काढण्याआधी लिनक्स वापरून पाहा

संपादक महोदय,

विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. पुण्याच्या पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहून शिकणाऱ्या मुलांनी केवळ एवढ्यासाठी धडधाकट लॅपटॉप मोडीत काढू नयेत. लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली. तिचा लिनक्स मिंट हा सोपा प्रकार ४ जीबी रॅमवर चालतो, ८ जीबी आणि एसएसडी (वेगवान डिस्क) असेल तर उत्तमच.

आधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून नुसते चालवून पाहा. मिंटची उतरवलेली आयएसओ फाइल (संपूर्ण प्रणालीची एकच फाइल) कॉपी-पेस्ट करून चालत नाही, एचरसारख्या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर लिहावी लागते. वायफाय दिसले नाही तर फोन यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट घ्या आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर उतरवा.

विंडोज लगेच पुसू नका. डेटाची प्रत बाहेर ठेवा, बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्ससाठी शंभरेक जीबी जागा मोकळी करा. विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करणे हमखास राहून जाते. ते चालू असेल तर शटडाऊन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेले असते आणि लिनक्समधून सी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

गेमसाठी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या प्रोग्रॅममध्ये २०१८ पासून प्रोटॉन ही सोय आहे, तिच्यामुळे लिनक्सवर विंडोजचे असंख्य गेम चालतात. मात्र ते गेम लिनक्सच्या पार्टिशनवरच (डिस्कच्या भागावरच) टाका. प्रोटॉनच्या फोल्डरमध्ये ‘सी:’ अशा नावाचे दुवे असतात आणि विंडोजला फाइलच्या नावात विसर्गचिन्हासारखे ते दोन टिंब चालत नाहीत. त्यामुळे विंडोजच्या पार्टिशनवरचे गेम सुरूच होत नाहीत किंवा मध्येच बिघडतात. इंटेलच्या सहाव्या पिढीआधीच्या अंगच्या (प्रोसेसरमधल्याच) ग्राफिक्सवर प्रोटॉनला लागणाऱ्या वल्कन या ग्राफिक्स-प्रणालीचा आधार अपुरा पडतो, तिथे नव्या गेमची आशा धरू नये. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट त्यांच्या अँटी-चीटमुळे (फसवणूक रोखणाऱ्या प्रोग्रॅममुळे) लिनक्सवर चालत नाहीत. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ थेट चालतात.

अभ्यासाचे म्हणाल तर पायथन, जीसीसी (सी भाषेचा कंपायलर), मॅटलॅब यांची अडचण नाही. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स लागत असेल तर विंडोज ठेवावेच लागेल. मराठीसाठी सी-डॅक या सरकारी संस्थेने रुजवलेला इन्स्क्रिप्ट कळफलक मिळतो, जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधल्या फायली तेवढ्या बदलून घ्याव्या लागतात.

महाविद्यालयांना एक कळकळीची विनंती. जिथे अजून टर्बो सी या जुन्या कंपायलरवर शिकवले जाते, तिथला प्रोग्रॅम मुलगा घरी लिनक्सवर चालवायला जातो आणि पहिल्याच ओळीला अडतो, कारण ‘कोनिओ’ ही हेडर फाइल जीसीसीत नाही. ती ओळ, स्क्रीन पुसण्याची ओळ आणि कळ दाबेपर्यंत थांबवणारी ‘गेटसीएच’ची ओळ काढली, ‘व्हॉइड मेन’चे ‘इंट मेन’ केले की प्राथमिक प्रोग्रॅम बहुतेक चालतात. प्रात्यक्षिकाच्या वहीत हे बदल मान्य करावेत आणि प्रयोगशाळेतल्या निदान काही संगणकांवर जीसीसी टाकावे.

– एक संगणक प्रशिक्षक, कोथरूड, पुणे