आमच्या सौ.चा गुडघा आणि आपला एकत्रित निधी

प्रति,
मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

माननीय महोदय,

सादर नमस्कार. मी ग्वाल्हेरच्या महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झालेला माणूस. चौतीस वर्षं दुसऱ्यांची व्हाउचरं तपासली, त्यामुळे पत्र जरा रुक्ष वाटेल. आधीच क्षमा मागून ठेवतो, पुढे मागेन याची खात्री नाही.

सोमवारी आमच्या आरोग्य विमा कंपनीचा ईमेल आला. ‘आपली काही माहिती अनधिकृत व्यक्तींच्या हाती गेल्याची शक्यता आहे. खबरदारी म्हणून पासवर्ड बदलावा.’ शक्यता! महोदय, ही शक्यता तीन महिन्यांपूर्वीच आमच्या घरी फोन करून गेली. मी बाड्याच्या बाजारात भाजी आणायला गेलो होतो. फोन सौ.नी घेतला. ‘माताजी, राइट घुटने का बाकी क्लेम पास हो गया है.’ पॉलिसी नंबर बरोबर, ऑपरेशनची तारीख बरोबर, डॉक्टरांचं नाव बरोबर आणि गुडघाही उजवाच. माझ्या सख्ख्या भावाला अजून तो डावा वाटतो. एवढं ज्याला ठाऊक तो कंपनीचाच असणार, असं तिला वाटलं तर तिचं काय चुकलं? तिनं ओटीपी सांगितला. पेन्शनच्या खात्यातून ४८,७०० रुपये गेले. मी परतलो तेव्हा गॅसवर दूध उतू जाऊन करपलं होतं आणि ही फोन मांडीवर ठेवून नुसती बसली होती. आजही फोन वाजला की आधी माझ्याकडे बघते, उचलत नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तासाभरात तक्रार केली, ६,२०० रुपये अडवले गेले. उरलेल्यांसाठी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक घेऊन बँकेत गेलो. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा नाही, असं त्यात आहे. मॅनेजर हसून म्हणाले, ‘काका, ओटीपी दिलात ना? मग निष्काळजीपणा तुमचा.’ बरं. सत्तरीच्या बाईनं सहा आकडे सांगितले तर ती निष्काळजी. ज्यांनी तिचा गुडघा, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर भर बाजारात सांडला, ते आम्हालाच खबरदारी शिकवणार. पासवर्ड बदलतो हो. गुडघा एकदा बदलून झालाय.

आता आपला कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियमांना नोव्हेंबर २०२५ उजाडलं, मुख्य तरतुदींना त्यापुढे आणखी अठरा महिने. राखणीत कसूर झाली तर २५० कोटींपर्यंत दंड! वा. आणि जमा कुठे? भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. ज्याचं गेलं त्याला छदाम नाही. आयटी कायद्यात भरपाईचं ४३-अ कलम आहे, राज्याच्या आयटी सचिवांपुढे, म्हणजे आम्ही भोपाळला, पाच कोटींपर्यंतचा दावा लावू शकतो. नव्या कायद्याचं कलम ४४ तेच वगळतं. उलट माझी तक्रार खोटी किंवा फालतू ठरली तर मलाच दहा हजारांपर्यंत दंड. तो मात्र आठवणीनं घातलात.

२०२१ मध्ये एअर इंडियाच्या ४५ लाख प्रवाशांची माहिती फुटली, दहा वर्षांची, पासपोर्टच्या तपशिलासकट. तेव्हा कंपनी सरकारचीच होती. पुरते २५० कोटी वसूल करून वाटले असते तरी माणशी साडेपाचशे (हिशेब पेन्सिलीनं, पाकिटाच्या मागे केलाय). अमेरिकेत २०१७ मध्ये इक्विफॅक्स या पतमाहिती ठेवणाऱ्या कंपनीतून १४.७ कोटी लोकांची माहिती गेली, तडजोडीत ग्राहकांसाठी ४२.५ कोटी डॉलरपर्यंत ठेवावे लागले. १२५ डॉलर रोख मिळणार म्हणाले होते, अर्जांचा पूर आला आणि हाती चिल्लर पडली. पण पडली ती लोकांच्या हाती.

तसा एकट्या कायद्याला तरी काय बोल लावायचा? इथे गादी विकत घ्या, मोबाइल नंबर द्या. भाच्याच्या सोसायटीत जा, चौकीदार वहीत नाव-नंबर लिहून घेतो आणि तीच वही खुर्चीवर टाकून चहाला जातो. आधारची झेरॉक्स तर किती ठिकाणी दिली, मोजणं सोडून दिलं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागात त्या हक्कात, म्हणजे असल्याच झेरॉक्सच्या रद्दीत, कचोरी बांधून मिळते. साहेबलोकांचा खासगीपणा मात्र चोख सांभाळलात: याच नव्या डेटा कायद्यानं माहिती अधिकारातलं ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याचं कलम, बदललंत, आता ‘वैयक्तिक माहिती’ म्हटलं की अर्ज परत. तो बदल लगेच लागू, त्याला अठरा महिने लागले नाहीत!

मागणी म्हणाल तर, दंडातला वाटा ज्यांची माहिती फुटली त्यांना द्या, ४३-अ राहू द्या, आणि फुटलेल्या माहितीवरून फसलेल्या म्हातारीला कोणी निष्काळजी म्हणू नये एवढं बँकांना लिहा.

आमच्या कार्यालयात आक्षेपाला उत्तर आलं नाही की स्मरणपत्र जायचं. याचं मी आत्ताच टाईप करून ठेवलंय. तारखेची जागा तेवढी कोरी आहे.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक
दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर